फुलावर कोण कोण आलं

आमच्या कॉलनीच्या चार इमारतींच्या मधोमध जी हिरवळ होती, तिचा मला पहिल्यापासून तिटकारा होता. टाकीतलं निम्मं पाणी ती पिऊन टाकायची, दर गुरुवारी तिच्यावरून कापणीचं मशीन घरघरत जायचं, आणि एवढे लाड पुरवून वर पाटी: पाय ठेवू नये. माझी मुलगी चालायला लागली तेव्हा पहिली पावलं तिने त्या पाटीच्या अलीकडे, फरशीवर टाकली आणि पडली. कुत्री पाटी वाचत नसल्यामुळे हिरवळीवर खुशाल लोळायची. त्या गवतात मुंगीसुद्धा नसायची. मी एकदा वाकून पाहिलं होतं, खरंच नव्हती. सतरंजी जिवंत असती तर तशी दिसली असती.

म्हणून शहराच्या उद्यान खात्याची योजना निघाली तेव्हा मला आनंद झाला, हे आधीच कबूल करते. लॉन काढून टाका, त्या जागी इथल्याच मातीतली, मधमाश्या-फुलपाखरांना पोसणारी झाडं लावा, खर्चातला मोठा वाटा खातं अनुदान म्हणून देईल. अर्ज अकरा पानांचा होता. तो घेऊन आमचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. त्यांना तोंडावर सगळे काका म्हणतात आणि पाठीमागे शंभर टक्के, कारण कशालाही त्यांचं उत्तर तेच असतं. लिफ्ट दुरुस्त होणार का, शंभर टक्के. कधी, तेवढं विचारायचं नाही.

"तू वनस्पतीशास्त्राची ना?" ते म्हणाले. "घरीच असतेस, तुझ्या शिक्षणाचं तेवढंच चीज होईल."

माझ्या एका कडेवर मुलगी होती, दुसऱ्या हातात तिचा ओला लंगोट. तरी मी अर्ज घेतला. राग यायला हवा होता, पण पदवी मिळाल्यापासून पहिल्यांदाच मला कुणीतरी झाडांबद्दल काही विचारत होतं. चार दुपारी ती झोपल्यावर मी लिहीत बसले. बारा जातींची यादी केली, कुठलं झुडूप कधी फुलतं ते लिहिलं. हमीपत्रही मीच लिहिलं: तीन वर्षं या जागेवर कोणतंही विषारी औषध वापरलं जाणार नाही. खाली काकांनी झोकदार सही ठोकली, वाचल्याशिवाय.

योजनेची एक अट मला फार आवडली होती. फुलं आली की दर रविवारी एक मीटर चौकोन आखायचा, दहा मिनिटं बसायचं, आणि त्या दहा मिनिटांत फुलावर जो जो येईल त्याची नोंद एका कार्डावर करायची. तारीख, वेळ, कोण आलं, किती फुलांना गेलं. वर्षाअखेर कार्ड तपासायला खात्याची बाई येणार, आणि आकडे वाढते असतील तरच पुढचं अनुदान.

झाडं लागली, वाढली, फुलली. पहिल्या रविवारी चौदा पाहुणे आले. मग एकोणीस. मग तेवीस, त्यातला एक भुंगा इतका गलेलठ्ठ की फूलच वाकून त्याच्यासकट जमिनीला टेकलं. मुलगी माझ्या मांडीला टेकून बसायची. तिचं घरातलं नाव भिंगरी, एका जागी बसत नाही म्हणून, पण ती दहा मिनिटं बसायची. मधमाशीला ती माशीबाई म्हणायची. "बाई आल्या," असं कानात सांगायची, कारण मोठ्याने बोललं तर बाई जातात हे मी तिला शिकवलं होतं.

आणखी एक शिकवलं होतं. तांबड्या, बारीक नळीच्या फुलांचं एक झुडूप होतं. ते फूल अलगद उपटायचं आणि मागचं टोक ओठांत धरून ओढायचं. एकच थेंब, पण गोड. मी लहानपणी अशी शेकड्यांनी चोखली आहेत. सासूबाई गॅलरीतून ओरडल्या होत्या, "शेळी करून ठेव पोरीची." मी हसले होते.

मी भित्री आई आहे. द्राक्षाचे चार तुकडे करून देते, पायऱ्या उतरताना तिच्यापुढे दोन पायऱ्या मी असते. त्यामुळे घसरगुंडीच्या पोटाशी गांधीलमाश्यांनी मुठीएवढं पोळं केलेलं दिसलं, तेव्हा मी भिंगरीला उचलून थेट घरी आणलं. मधमाशी वेगळी, गांधीलमाशी वेगळी, हे मला पक्कं माहीत होतं. पोळं कागदी पिशवीत उतरवून लांब नेता येतं हेही माहीत होतं. पण लिहायला बसले तेव्हा मी आई होते, पदवीधर कुणी नव्हते. कॉलनीच्या ग्रुपवर चांगल्या अकरा ओळी खरडल्या. मुलं खेळतात, एखाद्याला चावली तर जबाबदार कोण, रविवारच्या आत बंदोबस्त करावा. खाली काकांचं उत्तर आलं: शंभर टक्के.

शुक्रवारी पोळं नव्हतं. मी ग्रुपवर जोडलेल्या हातांचं चित्र टाकून आभार मानले. आज ते दोन जोडलेले हात आठवले की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

त्या रविवारी दहा मिनिटांत तीन आले. त्यातली एक घरमाशी. आभाळ आलंय म्हणून असेल, असं मी भिंगरीला सांगितलं, आणि स्वतःलाही. ती म्हणाली, "बाईंना सुट्टी."

सोमवारी दुपारी सासूबाई तिला घेऊन खाली गेल्या आणि मी पोळपाट धूत असताना फोन वाजला. काकांनी ग्रुपवर फोटो टाकला होता. तांबड्या फुलावर मधमाशी, अगदी जवळून, मागे उन्हाचा कवडसा. खाली लिहिलं होतं: आमच्या मेहनतीला आलेलं फळ, शुक्रवारी खात्याच्या बाई येत आहेत, सर्वांनी उपस्थित राहावे. त्याखाली टाळ्याच टाळ्या.

मी फोटो बोटांनी मोठा केला. माझी ती सवयच आहे, मी कुठलाही फोटो मोठा करून बघते. माशीचे पाय पोटाखाली दुमडलेले होते. फुलाला एकाही पायाने धरलेलं नव्हतं, ती नुसती ठेवलेली होती, ताटात चटणी ठेवावी तशी. आणि तिची जीभ पूर्ण बाहेर, लोंबती. मधमाशी बसल्याबसल्या अशी जीभ टाकत नाही. विषाने मरते तेव्हा टाकते. हे माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वहीत आहे, आकृतीसकट.

नळ तसाच टाकून मी धावत खाली गेले.

सासूबाई बाकावर शेजारणीशी बोलत होत्या. भिंगरी ताटव्यात उकिडवी बसली होती. तिच्यासमोर चोखलेल्या फुलांचा ढीग होता, नीट एकावर एक, मी शिकवलं होतं तसा. मला पाहून ती हसली, आणि तिच्या हनुवटीवरून लाळ खाली ओघळली. एवढी लाळ तिला दात येतानाही आली नव्हती. मी तिच्या तोंडात बोट घातलं, चूळ भरवली, फ्रॉक तिथेच ओढून काढला. उचलेपर्यंत ती माझ्या खांद्यावर ओकली. पांढरं, चिकट, आणि त्यात तांबडी पाकळी.

दवाखाना कॉलनीपासून चालत सात मिनिटांवर आहे. आम्ही किती मिनिटांत पोचलो ते मला माहीत नाही. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. तिचे डोळे सगळे बाहुलीच आहेत असं आम्ही नेहमी म्हणतो, आणि आता त्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. मी फुलांचं सांगितलं, फोटोचंही सांगितलं. त्यांनी एक सुई दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढची सुई द्यायची की नाही, ते औषध कुठलं मारलं होतं त्यावर आहे. एका जातीच्या औषधाला ती लागते, दुसऱ्या जातीच्या औषधाला नाही. अंदाजाने मला द्यायची नाही. नाव आणा. बाटली मिळाली तर बाटलीच आणा."

मी तिथूनच काकांना फोन लावला.

"फवारणी? आपल्याकडे?" ते काहीतरी खात होते, कुरकुरीत. प्रत्येक शब्दाआधी चावल्याचा आवाज येत होता. "अगं, हमीपत्र तूच लिहिलंस ना?"

मी म्हणाले, काका, मला कुणाला पकडायचं नाही, फक्त नाव हवंय, ती लाळ गाळतेय, तिच्या बाहुल्या... त्यांनी चावणं थांबवलं. मला वाटलं, आता सांगतील. मी पेनसुद्धा हातात घेतलं.

"बाहेरचं काही खाल्लं असेल," ते म्हणाले. "या वयात मुलं काय वाटेल ते तोंडात घालतात. आईने लक्ष ठेवायला नको?"

दुसऱ्यांदा लावला तर उचलला नाही. तिसऱ्यांदा बंद.

नवरा कामाच्या ठिकाणाहून निघाला होता, त्याला यायला तास होता. मी भिंगरीला सासूबाईंजवळ ठेवलं. त्या आपल्या पदराने तिची लाळ पुसत होत्या, पुसून पुसून पदर ओला झाला होता. मला म्हणाल्या, "जा तू. आणि नाव घेतल्याशिवाय परत येऊ नकोस."

टाकीच्या मागे अवजारांची खोली आहे. तिथे माळीणमावशी गोणपाटावर बसून खुरपं घासत होत्या. आमच्याकडे माळीकाम एकट्या त्याच करतात, आठ वर्षं. मी दारात उभी राहिले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

"तुम्हीच लिहिलं होतं ना, ताई?" त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "साहेब म्हणाले, तक्रार आली आहे, तुमचीच आहे. गुरुवारी पोळ्यावर मारलं. मग म्हणाले, पंप भरलाच आहे तर सगळ्या ताटव्यावरून फिरव, पुढच्या शुक्रवारी पाहुणे यायचे, त्यांच्या तोंडाभोवती काही घोंगावायला नको."

माश्यांसाठी लावलेल्या बागेत पाहुण्यांच्या तोंडाभोवती माश्या नकोत. मी ते दोनदा ऐकलं, मनातल्या मनात, आणि तरी ते एका माणसाच्या डोक्यातून निघालं आहे हे मला पटेना.

त्या सांगत होत्या आणि हात आपोआप झाडल्यासारखा हलत होता. शुक्रवारी सकाळी अर्धं सुपलं भरून मेलेल्या माश्या निघाल्या. काका बघायला आले. त्यातल्या दोन चांगल्या बघून त्यांनी बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने उचलल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवल्या. फोटोसाठी. आणि आज सकाळी दुसरा हात मारायला लावला. मावशी म्हणाल्या होत्या, साहेब, मुलं खेळतात, पाटी तरी लावू या. ते म्हणाले, पाटी लावली तर लोक वाचतील.

मावशींनी गोणपाटाखालून बाटली काढली. जवळच पडलेल्या एका कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"मी दिली म्हणू नका."

बाटलीला लेबल होतं. मी धावत होते आणि ते नाव मोठ्याने म्हणत होते, वाटेत बाटली पडून फुटली तरी नाव राहावं म्हणून. डॉक्टरांनी लेबल वाचलं, नर्सला काहीतरी सांगितलं, दुसरी सुई आली. संध्याकाळी सहाच्या सुमारास लाळ थांबली. मग ती झोपली आणि मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले. वर, खाली, वर, खाली. नवरा आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि काकांच्या घरी जायला उठला. सासूबाईंनी त्याचा शर्ट धरून ठेवला.

बुधवारी तिला घरी आणलं. तेव्हा मी तो कागद उलगडला. फेकायचाच होता, त्याला तो उग्र वास येत होता. मावशींच्या कामाच्या वहीचं ते पान होतं. काकांना सगळं लिहून द्यायची हौस, रोजची कामं ते स्वतः त्या वहीत लिहितात, मावशींना वाचून दाखवतात आणि खाली सही करतात. पानावर लिहिलं होतं: सोम. सगळ्या ताटव्याला दुसरा हात. पाटी लावू नये. शुक्र. पाहुणे, झाडलोट चोख. खाली तीच झोकदार सही.

मावशींना वाचता येत नाही असं काकांना वाटतं. आठ वर्षांत त्यांनी विचारलेलं नाही. मी त्याच संध्याकाळी मावशींना जिन्यात गाठून विचारलं, हे पान मी दाखवलं तर? त्या म्हणाल्या, "कागद हाताला लागला तो घेतला, ताई. आता तो तुमचा." एवढं बोलून त्या बादली घेऊन गेल्या.

गुरुवारी काका आले. सफरचंदं घेऊन आले होते. भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले, मी तिला माझ्या मागे ओढलं. ते खुर्चीवर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, बरी आहे ना आता, मग झालं तर. मुलं म्हटली की चालायचंच. मग कार्डाचं काढलं. मागच्या रविवारचे तीन बरे दिसत नाहीत, तिथे सव्वीस कर. "एवढं सगळ्यांचं काम पाण्यात जाईल. आणि बघ, चौकशी झालीच तर पहिली कोण जाईल? माळीण. पंप तिच्या हातात होता. आणि तक्रार कुणाची होती, ते ग्रुपवर आहेच."

ते मला धमकी देत आहेत असं त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हतं. ते समजावत होते. त्यांच्या मिशीला बिस्किटाचा चुरा लागला होता आणि मी पूर्ण वेळ त्याच्याकडे बघत होते. सगळ्यात वाईट हे होतं की त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं.

ते गेल्यावर सासूबाईंनी सफरचंदं पिशवीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा काढली, साबणाने हात धुतले, आणि पिशवी घरच्या डब्यात नाही, खाली रस्त्यावरच्या पेटीत टाकून आल्या.

शुक्रवारी सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. खात्याच्या बाई मध्यम वयाच्या, साध्या चपला, हातात फाईल. काकांनी त्यांना पुष्पगुच्छ दिला. बाजारचा नव्हता. "आपल्याच बागेतला, मॅडम," ते म्हणाले, "आपल्या अनुदानातून फुललेला." तांबडी, नळीची फुलं, मधे जांभळे तुरे, खाली चंदेरी कागद. बाईंनी तो घेतला, वास घेतला, मांडीवर ठेवला. चहा आला, बिस्किटांची बशी आली. बशीच्या कडेनेही तीच फुलं मांडली होती. काकांचं भाषण सुरू झालं. जैवविविधता हा शब्द त्यांनी तीनदा तीन तऱ्हांनी उच्चारला. फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता, टेबलाएवढी मेलेली माशी, जीभ बाहेर टाकून सगळ्यांकडे बघत होती, आणि लोक तिच्यासमोर उभं राहून आपले फोटो काढत होते.

मग ते म्हणाले, आमच्या कॉलनीच्या शास्त्रज्ञ सूनबाई आता नोंदकार्ड सादर करतील.

मी उठले. कार्ड मी आदल्या दुपारी पूर्ण केलं होतं. चौदा, एकोणीस, तेवीस, तीन, जसंच्या तसं. शेरा या रकान्यात लिहिलं होतं की पोळ्याची तक्रार माझी होती, पोळं हलवा एवढंच मला लिहायला हवं होतं आणि मी ते लिहिलं नाही. त्यानंतर आणखी एक ओळ होती. कार्डाला मी वहीचं ते पान टाचणीने लावलं आणि दवाखान्याचा कागदही.

बाईंनी चष्मा लावला. वरून खाली वाचत गेल्या. शेवटच्या ओळीवर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हे मला कळलं नाही."

"मोठ्याने वाचा ना," मी म्हणाले.

त्यांनी वाचलं. सोमवार, दुपारी चार ते चार दहा. कोण आलं: माणूस, पिल्लू, मादी, वय अडीच वर्षं. किती फुलांना गेलं: अकरा, ढिगातून मोजून.

काका हसले. "विनोदी आहे हो आमची सूनबाई," ते म्हणाले, आणि दोघेतिघे त्यांच्याबरोबर हसलेही. मग बाईंनी पान उलटलं, आणि त्यांनी वहीतलं अक्षर आणि अर्जावरची सही शेजारी शेजारी धरली तेव्हा ते हसू कुठल्या कुठे विरलं. मागच्या रांगेत माझ्या सासूबाई भिंगरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातावर सुईची पट्टी अजून होती.

बाईंनी फाईल मिटली. त्यांची नजर खाली आपल्या मांडीवर गेली. त्यांनी तो गुच्छ दोन बोटांनी, चंदेरी कागदाच्या टोकाला धरून उचलला आणि टेबलावर ठेवला. तोंडाशी नेलेलं अर्धं बिस्किटही बशीच्या बाहेर ठेवलं.

"हात कुठे धुता येतील?" त्यांनी विचारलं.

मीच म्हणाले, आमच्याकडे चला, पहिला मजला, साबण आहे. त्या फाईल काखेत घेऊन माझ्यामागे निघाल्या. जाताना मी वळून पाहिलं. टेबल साफ दिसावं म्हणून काकांनी सवयीने तो गुच्छ उचलला होता. दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, आणि मग बहुतेक त्यांना आठवलं. तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं. शेजारच्या माणसाकडे त्यांनी पुढे केला तर तो मागे सरला. त्याच्या शेजारचाही सरला.

जिन्यात भिंगरीचा आवाज आला. ती आजीला विचारत होती, त्या बाई पण फुलावर आल्या होत्या का.